हिस्के आणि रांगेत अडकलेले निरोप

येत्सेरम गावात हिस्के होकेमाच्या दारावर कुणी सहज म्हणून थाप मारत नसे. थाप पडली की समजायचं, कुणाचं तरी मशीन बिघडलंय. बेकरीवाल्याचा बिलाचा कॉम्प्युटर, चर्चचा प्रिंटर, नाहीतर शाळेतला तो भिंतीएवढा पडदा. हिस्के निमूट यायची, चष्मा कपाळावर चढवायची, काम उरकायची आणि कॉफीबरोबर साखरपावाचा तुकडा पुढे आला की म्हणायची, "लोणी जरा हात सोडून लावा. माझा मेंदू त्याच्यावरच चालतो." हा तिचा एकुलता एक विनोद. गाव तो वर्षानुवर्षं ऐकत आलं होतं आणि दर वेळी लोणी जाड लावत होतं.

तिचे वडील डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचे. शाळा संपल्यावर हिस्केही त्याच डेअरीत लागली, कॉम्प्युटरच्या खोलीत. ती खोली थंडगार, बिनखिडकीची, सतत घुमणारी. बाकीच्यांना तिथे गुदमरायला व्हायचं, हिस्केला बरं वाटायचं. मग एक दिवस ती डेअरी दुसऱ्या मोठ्या डेअरीने गिळली, मशीनं दक्षिणेकडे गेली आणि पन्नाशी उलटून गेलेल्या हिस्केला एक फुलांचा गुच्छ आणि एक भाषण देऊन घरी पाठवलं. भाषण करणारा साहेब तिला 'हिल्के' म्हणाला. तिने दुरुस्त केलं नाही. लग्न एकदा ठरता ठरता राहिलं होतं, त्याविषयी ती कधी बोलली नाही. आई गेल्यावर कालव्याकाठच्या घरात ती एकटीच उरली.

तिला धरून ठेवणारं एकच काम होतं, ते पक्ष्यांचं.

येत्सेरमच्या चारी बाजूंना गवत. सपाट, ओलं, मध्ये पाण्याचे सरळ चर, आणि वर एवढं मोठं आभाळ की माणसाला आपली उंची विसरायला होतं. वसंत लागला की त्या गवतात टिटव्या अंडी घालतात, आणि स्क्रीस. स्क्रीस म्हणजे लांब चोचीचा, विटकरी गळ्याचा पक्षी. थंडी आफ्रिकेत काढतो आणि मार्चमध्ये बरोबर त्याच कुरणात परत येतो. घरटं जमिनीवरच घालतो, मूठभर गवत दाबून. पूर्वी गवताला विळा लागायचा तोवर पिल्लं चालायला लागलेली असायची. आता गवत लवकर वाढवतात आणि मे लागायच्या आधीच कापतात. कापायला कंत्राटदाराचा ट्रॅक्टर येतो. त्याची पाती गावच्या रस्त्याहून रुंद. वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या ड्रायव्हरला खाली अंडी आहेत की शेण आहे, काही दिसत नाही.

म्हणून गावात पक्षीराखण मंडळ होतं. मंडळातली माणसं कुरणं पालथी घालायची, घरटं सापडलं की दोन्ही बाजूंना काठ्या रोवायची आणि जागा नोंदवून हिस्केकडे द्यायची. पुढचं काम हिस्केच्या स्क्रिप्टचं. तिने ती डेअरीत असतानाच फावल्या वेळात लिहिली होती. रोज दुपारी ती स्क्रिप्ट आपणहून चालायची आणि कुठल्या कुरणात कुठे घरटी आहेत याचा नकाशा मेलने शेतकऱ्याला आणि कापणीवाल्या कंत्राटदाराला पाठवायची. कंत्राटदाराकडे तो मेल थेट ट्रॅक्टरच्या पडद्यावर उतरायचा. ड्रायव्हरला लाल ठिपका दिसायचा, तो वळसा घालायचा आणि तेवढं गवत तसंच उभं राहायचं.

मेल पाठवणारा सर्व्हरसुद्धा गावाचा स्वतःचा होता. सभाघराच्या जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी तो घरघरत असायचा. मंडळाचे सेक्रेटरी गोसे यांचा तो हट्ट होता. "आपले निरोप आपल्या घरातून निघायला हवेत," असं ते म्हणायचे. गोसे मागच्या शरदात गेले. सर्व्हर चालूच राहिला.

घरटी शोधण्यात सगळ्यांच्या पुढे सीत्सेकाका. ऐंशीला टेकलेला, वाकलेला, पण नजर ससाण्याची. आयुष्यभर तो गाईंना कृत्रिम रेतन करत गोठ्यागोठ्यांतून हिंडला होता. "या पंचक्रोशीतल्या निम्म्या गाई माझ्या लेकी आहेत, पण एकही भेटायला येत नाही," असं तो बियरच्या घोटाबरोबर सांगायचा. तरुणपणी लांब काठी टेकून चरांवरून उड्या मारायचा. आता खांद्यावर फळी घेऊन फिरायचा, चरावर टाकायचा आणि तिच्यावरून जपून पलीकडे जायचा.

एप्रिलच्या शेवटी, ऊन पडलेल्या एका सकाळी, सीत्सेकाका हिस्केच्या दारात उभा राहिला. बूट चिखलाने भरलेले. एरवी तो ते काढून आत यायचा. आज उंबऱ्यापाशीच थांबला.

"पोरी, तुझा मेल गेला होता ना?"

"रोज जातो, काका. का?"

"येल्मरच्या लांबट कुरणाचा?"

"हो. कालही गेला. माझ्याकडे त्याची प्रत आहे."

"मग चल जरा," तो म्हणाला आणि वळला.

येल्मरचं लांबट कुरण गावातलं सगळ्यात चांगलं कुरण होतं. स्क्रीसची सगळ्यात जास्त घरटी तिथेच असायची. हिस्के बांधावर पोचली तेव्हा ते कुरण हिरवंगार आणि सपाट होतं, नुकती हजामत केलेल्या गालासारखं. कापलेल्या गवताचा गोड वास सगळीकडे भरला होता. काठ्या कुठे दिसत नव्हत्या. एक सापडली, मधोमध फाटलेली. कावळे आणि समुद्रपक्षी शांतपणे चालत होते, बाजारात चालावं तसे, मध्येच वाकून काहीतरी उचलत होते. वर स्क्रीसची एक जोडी ओरडत घिरट्या घालत होती.

सीत्सेकाकाने फळी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

"ड्रायव्हरला विचारलं मी. म्हणाला, पडद्यावर काहीच नव्हतं. एकही ठिपका नाही. सगळं गवत एकसारखं."

हिस्केने तिथूनच कंत्राटदाराच्या ऑफिसात फोन लावला. तिकडच्या मुलीचा आवाज हसरा होता.

"येत्सेरमचं मंडळ ना? आम्हालाच वाटलं होतं, तुम्ही बंद केलंत. या वर्षी तुमच्याकडून एकही मेल नाही."

"रोज पाठवलेत."

"इथे नाहीत हो, ताई. मी स्पॅममध्येही बघितलं. एकही नाही."

हिस्के सभाघरात गेली. आतल्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग चालला होता. टेपवर उडतं गाणं लागलेलं आणि शिकवणारी बाई "हात वर, अजून वर, आभाळ उचला!" म्हणून ओरडत होती. हिस्केने झाडू बाजूला केले, बादली उलटी घालून तिच्यावर बसली आणि मांडीवर कीबोर्ड घेतला.

आधी स्क्रिप्ट. स्क्रिप्टची नोंद स्वच्छ होती. प्रत्येक मेलपुढे एकच शब्द: पाठवला. चूक नाही, तक्रार नाही. मग तिने स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि सर्व्हरशी स्वतःच बोलायला बसली, हाताने एकेक ओळ टाइप करत. डेअरीत लोक तिच्याशी पैज लावायचे, की हे सगळं बोलणं तिला तोंडपाठ येतं का. तिला यायचं.

नमस्कार, मी अमुक, असं तिने टाइप केलं. नमस्कार, असं सर्व्हर म्हणाला. अमक्याकडून पत्र आहे. बरं. तमक्याला द्यायचं आहे. बरं. हा मजकूर. मिळाला, रांगेत लावला.

'रांगेत लावला' या शब्दांवर तिची नजर थांबली. इतकी वर्षं तिने ते हजारदा वाचले होते. स्क्रिप्ट तेवढं ऐकूनच खूश होत होती आणि पुढे 'पाठवला' असं लिहून मोकळी होत होती. सर्व्हरने घेतलं म्हणजे पोचलं, असं तिनेच तिला शिकवलं होतं. आणि तिच्याकडे येणारी प्रत? तिची मेलपेटी याच सर्व्हरवर होती. ती प्रत कपाटाच्या बाहेरच पडत नव्हती. या खणातून त्या खणात जात होती, आणि हिस्के रोज ती बघून निश्चिंत होत होती.

तिने रांग उघडली. पडदा भरला, वर सरकला, परत भरला. एप्रिलपासूनचा प्रत्येक मेल तिथे उभा होता. येल्मरचा, कंत्राटदाराचा, बाकी सगळ्या शेतकऱ्यांचा. प्रत्येकापुढे तेच कारण: पलीकडून उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न करू. सर्व्हर बिचारा रात्रंदिवस प्रयत्न करत होता. जुन्या दिवसांत वादळात तार तुटायची, म्हणून महिनाभर धीर धरायला हिस्केनेच त्याला सांगून ठेवलं होतं.

हॉलमध्ये गाणं बदललं. "आता पाय!" बाई ओरडली. हिस्के बादलीवर बसून राहिली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. हिवाळ्यात सभाघराला नवीन इंटरनेट घेतलं होतं, काचेच्या तारेचं. जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान, म्हणून सगळे खूश झाले होते. हिवाळ्यात घरटी नसतात, त्यामुळे मेल जात नाहीत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या कंपनीने मेल बाहेर पडायचं दारच बंद ठेवलं होतं. हिस्केने फोन केला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक पोरगा बोलायला आला.

"घरगुती जोडणीवर ते बंदच असतं, मॅडम. फसवे मेल पाठवणारे चोर फार झालेत."

"मी चोर नाही. मी पक्ष्यांची माणूस आहे."

"तसं मशीनला कळत नाही ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. "तुमचे मेल आमच्या सर्व्हरकडे सोपवा, तो पुढे देईल."

यात अवघड काही नव्हतं. तिने सर्व्हरला नवा रस्ता दाखवला, नाव आणि पासवर्ड दिला. मग रांग बघत बसली. पहिला मेल गेला. दुसरा गेला. मग धडाधड सगळी रांग हलू लागली आणि हिस्केच्या छातीवरचा दगड उतरला. हात कीबोर्डवर ठेवून ती चक्क हसली. रांग अर्धी रिकामी झाली तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. तिने घाईघाईने सर्व्हर थांबवला, पण तोवर उरलं होतं फार थोडं.

दुसऱ्या दिवशी ती येल्मरकडे गेली. येल्मर तिशीतला, दुधाचा धंदा करणारा, गोठ्यात दूध काढणारे यंत्रमानव बसवलेला, आणि स्वभावाने मऊ. गोठ्याच्या दारात तो फोन हातात घेऊन उभा होता.

"ये, हिस्के. वाचून दाखवू?" त्याने फोन पुढे धरला. "लांबट कुरण, पूर्वेकडच्या चराजवळ, स्क्रीस, चार अंडी. कापणी असल्यास कृपया वळसा घाला. हा दुसरा, तेच घरटं, तीन अंडी आणि एक टवका गेलेलं. हा पुढचा. हा पुढचा. काल दुपारी गोठ्यात असताना फोन नुसता टणटणत होता. बायको म्हणाली, कुणी मेलं का?"

"ते अडकले होते, येल्मर. मी—"

"माहीत आहे मला. तुझ्यावर चिडलो नाही मी." त्याने फोन खिशात घातला, परत काढला. "पण तू सांग, मी हे वाचून आता काय करू? मेल वेळेवर आला असता तर मी स्वतः ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो असतो. आजोबा माझ्या बापाला सांगायचे, स्क्रीस आला की गवताला हात लावायचा नाही. आणि मी घरात बसून कॉफी पीत होतो. खिडकीतून ट्रॅक्टर दिसत होता मला. पिताना दिसत होता."

एक गाय यंत्रात शिरली, यंत्राने तिची सडं शोधली, आणि दोघं तिकडेच बघत राहिले.

सर्व्हर परत चालू केला तर नवीन संकट. आता मेल बाहेर पडत होते, पण ज्या मोठ्या मेल कंपनीकडे कंत्राटदाराचा आणि बहुतेक शेतकऱ्यांचा पत्ता होता, ती त्यांना दारातूनच परत पाठवत होती. इतके दिवस गप्प असलेल्या कुठल्याशा खेड्यातून एका झटक्यात एवढे मेल आले, तेही अनोळखी रस्त्याने. विश्वास कोण ठेवणार? विश्वास मिळवायचा तर मंडळाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या नोंदीत दोन ओळी घालायला हव्या होत्या: हा नवा रस्ता आमचाच, ही सही आमचीच. पाच मिनिटांचं काम. पण तो पत्ता गोसे यांच्या नावावर होता, आणि त्याचा पासवर्ड गोसे यांच्या डोक्यात होता.

गोसे यांच्या बायकोला, ग्रीतमावशीला, हिस्के लहानपणापासून ओळखत होती. मावशीने दार उघडलं, तिला आत बसवलं, लवंग घातलेलं चीज आणि राईची भाकरी पुढे ठेवली. गोसे यांची खुर्ची खिडकीजवळ तशीच होती.

"पासवर्ड?" मावशी म्हणाली. "अगं, त्याने मला कधी दाराच्या कुलपाचा आकडा सांगितला नाही. बायकोला सांगितलं तर ती कुलूपच बदलेल, असं म्हणायचा, थट्टा करायचा."

"त्यांचा कॉम्प्युटर?"

"धाकट्याने नेला. पुसून साफ करून पोराला दिला. आता त्याच्यावर गाड्यांच्या शर्यती चालतात." मावशी थोडी थांबली. "फार महत्त्वाचं आहे का गं?"

"पक्ष्यांचं आहे, मावशी."

"मग महत्त्वाचं असणार. शेवटच्या आठवड्यात सुद्धा विचारत होता, सीत्सेने फळी दुरुस्त केली का म्हणून. मी म्हटलं, माणसा, तू आधी स्वतःचं बघ." तिने डोळे पुसले नाहीत. नुसती चीजची सुरी उचलली आणि परत ठेवली. "काय लागेल ते माग. मृत्यूचा दाखला हवा का? तो आहे माझ्याकडे. त्याच्या भरपूर प्रती काढून ठेवल्यात मी. सगळ्यांना तोच हवा असतो."

पत्त्याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीलाही तोच हवा होता, आणि शिवाय वारसाची सही, मंडळाचा ठराव, ठरावावर सेक्रेटरीची सही. सेक्रेटरी कोण? गोसे. मग नवा सेक्रेटरी निवडायचा. मग निवडीची नोंद. प्रत्येक कागदाला उत्तर यायचं की आपला अर्ज मिळाला, क्रमाने बघू. हिस्केला हसू यायचं, मग यायचं बंद झालं.

तिने सगळ्या वाटा चाचपून बघितल्या. स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून नकाशे पाठवले, तर कंत्राटदाराचं मशीन फक्त मंडळाचाच पत्ता ओळखत होतं, आणि ते बदलणारा माणूस सुट्टीवर होता. ऑफिसातल्या मुलीला फोनवर घरटी सांगायला घेतली. मुलगी चांगली होती, लिहून घ्यायची. पण हवा कोरडी असली की ड्रायव्हर पाळ्या बदलत कुठून कुठे जात, तिचं लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत पाती फिरलेली असत. शेतकऱ्यांना फोन केले. काहींनी उचलले. काही म्हणाले, "हिस्के, ट्रॅक्टर आत शिरलाय, आता मी काय करू?"

शेवटी ती सीत्सेकाकाबरोबर स्वतःच कुरणांतून फिरू लागली. ट्रॅक्टरचा आवाज आला की त्या दिशेने धावायचं. एकदा वेळेवर पोचले. हिस्के दोन्ही हात हलवत पात्यांसमोर उभी राहिली. ड्रायव्हर पोरसवदा, घाबरून खाली उतरला.

"मॅडम, मरायचंय का तुम्हाला?"

"इथे घरटं आहे. हे बघ. इथे."

त्याने वाकून बघितलं. चार अंडी, डागाळलेली, टोकं आत वळलेली. "ओह," तो म्हणाला. परत चढला आणि मोठा वळसा घालून गेला. जाता जाता त्याने हातही हलवला. उघड्या कुरणात तेवढा गवताचा एक गोल तुकडा उभा राहिला. सीत्सेकाकाने खिशातून बाटली काढून एक घोट घेतला आणि हिस्केलाही दिला.

दुसऱ्या दिवशी तो गोल तुकडाच कावळ्याने दुरून हेरला होता. अंड्यांची टरफलं तेवढी उरली होती.

"त्याला काय बोलायचं," सीत्सेकाका म्हणाला. "रानात एकच झाड ठेवलं तर पाखरू तिथेच बसणार." त्याने काठ्या उपटल्या आणि काखेत धरल्या. "मी पोरगा होतो ना, हिस्के, तेव्हा बापाला हाक मारायची तर ओरडायला लागायचं. एवढा गोंगाट असायचा या कुरणात. आता तू कुजबुजलीस तरी ऐकू येतंय मला, आणि माझे कान तर गेलेत."

"पुढच्या वर्षी मेल वेळेवर जाईल, काका."

तो तिच्याकडे बघून हसला आणि फळी खांद्यावर घेतली.

जूनच्या मध्यावर नोंद बदलली. एका शांत, ढगाळ दुपारी हिस्केने त्या दोन ओळी घातल्या, त्या जगभर पसरायची वाट बघितली आणि स्क्रिप्ट चालवली. या वेळी तिने स्क्रिप्टला नवीन शिकवलं होतं: पलीकडून 'मिळाला' असं येईपर्यंत 'पाठवला' लिहायचं नाही. सगळ्या मेलपुढे 'मिळाला' आलं. ऑफिसातल्या मुलीचा फोन आला.

"ताई, आले बरं का! पडद्यावर लाल ठिपके दिसतायत. किती छान!"

हिस्केने तिचे आभार मानले. ठिपके जुन्याच घरट्यांचे होते. त्यांतलं एकही जागेवर नव्हतं. ती सायकल काढून बांधाकडे गेली. सीत्सेकाका तिथे होता, गावाबाहेरच्या उथळ तळ्याकडे बघत. जुलैत, पिल्लं उडायला लागली की स्क्रीस त्या तळ्यात जमतात आणि मग दक्षिणेला निघतात. या वर्षी ते आत्ताच जमले होते. पिल्लं नसलेल्यांना थांबायला कारण नसतं.

"सकाळी मोठा थवा होता," तो म्हणाला. "आता बघ, थोडेच उरलेत. उद्या तेही नसतील."

"मेल सुरू झाला," हिस्के म्हणाली.

"हो का? चांगलं केलंस." त्याला खरोखरच तसं वाटत होतं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, थोपटला, आणि दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. वाऱ्याने तळ्यावर सुरकुत्या येत होत्या. आणखी काही पक्षी उठले, एक गोल मारला आणि दिसेनासे झाले.

शरदात मंडळाची सभा झाली. हजर माणसांचं कॉफीच्या एका किटलीत भागलं. जिल्ह्याच्या मोठ्या पक्षीराखण संस्थेकडून निरोप आला होता, की त्यांचं नवीन ॲप आहे, त्यात सगळी गावं सामावून घेता येतील, पण ज्या गावात घरटी अगदीच थोडी आहेत तिथे माणूस पाठवणं त्यांना परवडणार नाही. सामावून घेतलेल्या गावांच्या यादीत येत्सेरम नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, मंडळ चालू ठेवायचं का? कुणी नाही म्हटलं नाही. कुणी हो म्हटलं नाही. थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणाले, "मग आपण असं समजू या," आणि असं म्हणजे कसं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. हिस्केने सर्व्हर बंद केला. घरघर थांबल्यावर कपाट एकदम लहान वाटलं. सभाघरवाल्यांनी ती जागा खुर्च्या ठेवायला घेतली.

हिवाळ्यात सीत्सेकाका गोठलेल्या पायरीवर घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलीने त्याला शहरात नेलं. हिस्के दोनदा भेटायला गेली. त्याची खोली पाचव्या मजल्यावर होती, खाली पार्किंग. "इथून फार लांबचं दिसतं," तो म्हणाला, "पण बघण्यासारखं काही नाही." दुसऱ्या भेटीत त्याने तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. तिने दुरुस्त केलं नाही.

वसंतात हिस्केला शहरातल्या एका दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम लागलं. काम म्हणजे रुग्णांना अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे मेल नीट जातात की नाही हे बघणं. ते नीट जात होते. त्यामुळे ती बहुतेक वेळ बसून असायची.

एप्रिलमध्ये एकदा बेकरीत येल्मर भेटला. हातात ब्रेडची पिशवी, कडेवर त्याची छोटी मुलगी. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लांबट कुरणावर एक जोडी दिसली परवा. स्क्रीसची. नक्की तीच. या वर्षी मी ते सांगायचं कुणाला?"

हिस्केने क्षणभर विचार केला. ॲपमध्ये येत्सेरम नव्हतं. मंडळ नव्हतं.

"कंत्राटदाराच्या ऑफिसात फोन कर," ती म्हणाली. "तिथली मुलगी चांगली आहे. लिहून घेते."

"हो," येल्मर म्हणाला. "करतो."

त्याने तो केला की नाही, हिस्केने विचारलं नाही. मे महिन्यात ती कामावर जाण्यासाठी दुसऱ्या रस्त्याची बस धरू लागली. ती थोडी लांबून जाते, कालव्याच्या पलीकडून. तिथे कुरणं नाहीत, बटाट्याची शेतं आहेत.